मऊ हाताचा पैलवान

मॉरीनचा फोन आला तेव्हा मी रीडिंग शहरातल्या ऑफिसात होते. मंगळवारची सकाळ, पहिली मीटिंग नुकतीच संपलेली. कामाच्या वेळात ती कधी फोन करत नाही. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. "गेला गं, माय लव्हर," ती म्हणाली. "आज पहाटे. झोपेतच. मी त्याच्या छातीवर हात ठेवून तीनपर्यंत मोजलं... या वेळी खांदा उचलला नाही त्याने." मग तीच हसली. रडता रडता हसली. "आयुष्यभर हरत आला. पण बघ, शेवटचीसुद्धा किती नीट हरला."

मॉरीनचा नवरा डेल व्हिटकम हा अमेरिकन पैलवान होता. लहानपणी शेजारच्यांच्या टीव्हीवर जी कुस्ती बघून आपण पोरं गोधडीवर एकमेकांच्या अंगावर उड्या मारायचो, ती त्याची कुस्ती. दोरांची रिंग, चमकते कपडे, आरडाओरडा, आणि पाठीवर पडलेल्याचे खांदे रेफरीने तीन मोजेपर्यंत खाली राहिले की हार. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. जिंकणाऱ्यांची नावं जगाला माहीत असतात. पण कुणी जिंकायचं तर कुणीतरी हरावं लागतं, आणि चांगलं हरावं लागतं. डेलने चाळीसहून अधिक वर्षं ते काम केलं. रिंगमध्ये तो 'नेब्रास्काचा नांगर' होता, दुष्ट होता, लोकांच्या शिव्या खायचा आणि शेवटी पाठीवर पडायचा. त्याच्या मृत्यूला आता पाच आठवडे झाले. त्याच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा रडवं काही लिहायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं, कारण मी पाहिलेला सगळ्यात विजयी माणूस तोच होता.

आठ वर्षांपूर्वी मी ब्रिस्टलला आले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा, विमानांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करण्याची सहा महिन्यांच्या प्रोबेशनची नोकरी आणि 'खोली भाड्याने मिळेल' असा एक पत्ता एवढंच होतं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. विट्याजवळच्या गावातली झेडपीची शाळा, मग सांगली, मग पुणे, आणि तिथून थेट इकडे. दार मॉरीनने उघडलं. "ऑलराइट, माय लव्हर?" मी उंबऱ्यातच थिजले. ब्रिस्टलमध्ये बसचा ड्रायव्हरही तुम्हाला असंच म्हणतो, आपल्याकडच्या 'बाळा'सारखं, हे कळायला मला आठवडा लागला. तिच्यामागे दाराची चौकट भरून डेल उभा होता. वय पासष्टीच्या पुढे, डोक्याचा तुळतुळीत गोटा, आणि आमच्या मातीतल्या पैलवानांचे असतात तसे चुरगळून गोळा झालेले कान. त्याने हात पुढे केला. मी तो धरला आणि माझा चेहरा पडला. एवढ्या प्रचंड माणसाचा हात माझ्या हाताला नुसता टेकला, दाब म्हणून नाही, आणि निघूनही गेला.

आम्ही हलगीवाले. माझे वडील, आबा, जत्रांमधल्या कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील आणि आजोबा वाजवायचे. आमच्या हाताला हात लावायची वेळ आली की काही लोकांचे हात कसे होतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. वरच्या खोलीत बॅगा उघडताना मी मनात म्हटलं, म्हणजे इथेही तेच का... आणि दोन-तीन महिने त्या माणसाशी कामापुरतंच बोलले.

माझ्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर पायरीगणिक फोटो लावलेले होते. सगळे पैलवान. कुणी विजेत्याचा पट्टा उंचावलेला, कुणी दोरांवर चढून ओरडणारा. एकदा सौजन्य म्हणून मी विचारलं, "हे सगळे तुम्ही हरवलेले का?" डेलने फोटोंकडे असं पाहिलं, जसं एखादा मास्तर बक्षीस समारंभाच्या फोटोकडे पाहतो. "नाही," तो म्हणाला. "या सगळ्यांनी मला हरवलं." मला वाटलं चेष्टा करतोय.

मग ऑफिसातला माझा पहिला डेमो आला. दहा लोकांसमोर माझी चाचणी मधेच बंद पडली, आणि माझ्या तोंडातून नुसता 'सॉरी, सॉरी' निघत राहिला. घरी येऊन स्वयंपाकघरात चहा ढवळत बसले होते. चहात साखर घातलेलीच नव्हती. डेलने ते पाहिलं. "शनिवारी माझ्याबरोबर चल," तो म्हणाला. "तुला पडायला शिकवतो." ब्रिस्टलच्याच बेडमिन्स्टर भागात टायरच्या जुन्या गोडाउनात त्याची तालीम होती. मधोमध रिंग, भिंतीला एक खणखणीत पितळी घंटा आणि दहा-बारा पोरंपोरी. "हनुवटी छातीला लाव. श्वास सोड. दोन्ही हात मॅटवर आपट. पडायचं असतंच, किड, फक्त डोकं वाचवायचं." मी त्या दिवशी तीसेक वेळा पडले. पहिल्या पाच वेळा भीतीने, मग मजेने. पुढच्या डेमोतही एक चाचणी बंद पडली. मी हनुवटी खाली घेतली, श्वास सोडला आणि म्हणाले, "ही का बंद पडली ते दाखवते." प्रोबेशन पार पडलं. माझ्या आयुष्यातल्या शिक्षकांची यादी केली तर झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींच्या लगेच खाली मी डेलचं नाव लिहीन.

त्या पहिल्या शनिवारीच मला दुसरी गोष्ट कळली. तालमीत येणारा प्रत्येक जण आधीच्या प्रत्येकाला हात देत होता, आणि सगळ्यांचा हात तसाच... टेकला न टेकला. दणकट पोरं, पण हात कापसाचे. मी डेलला विचारलं. तो म्हणाला, "आमच्यातला रिवाज आहे. थोड्या वेळाने मी माझी मान याच्या हातात देणार असतो. त्याचे हात कसे आहेत हे त्याने मला आधी सांगायला नको? मऊ हात म्हणजे, मी तुला सांभाळीन." मग काय वाटलं कोण जाणे, पहिल्या दिवशी मला काय वाटलं होतं ते सगळं त्याला सांगून टाकलं. आमची हलगी, आमचे हात, लोकांचे हात. इंग्रजीत ते सांगणं सोपं नव्हतं आणि मी ते आधी कुणालाही सांगितलं नव्हतं. ऑफिसात तर मी आबा 'म्युझिकमध्ये आहेत' असं मोघम सांगितलं होतं. डेलने सगळं ऐकून घेतलं. मग पुन्हा हात पुढे केला, तसाच टेकवला. "पहिल्या दिवशी सवयीने दिला होता," तो म्हणाला. "आज मुद्दाम देतोय."

त्यानंतर संध्याकाळी जेवणं लवकर उरकली की आम्ही स्वयंपाकघरात बोलत बसायचो. नेब्रास्कात त्याच्या वडिलांची मक्याची शेती होती. एकोणिसाव्या वर्षी तो गावच्या जत्रेत आलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानाच्या मागे लागून घर सोडून गेला. म्हातारा त्याला म्हणाला, तुझा चेहरा जिंकणाऱ्याचा नाही. दुसरा कुणी रडला असता. डेलने विचारलं, मग कुणाचा आहे? आणि तिथून त्याचा अभ्यास सुरू झाला. कसं आपटायचं म्हणजे आवाज मोठा होतो आणि हाड वाचतं. समोरचा नवखा असेल तर त्याची चूक आपल्या अंगावर कशी घ्यायची. आठवड्यातून सहा दिवस, दर दिवशी वेगळं गाव, शेकडो मैल गाडी. त्या काळी रिंगमधल्या वैऱ्यांनी बाहेर एकत्र दिसायचं नसे, नाहीतर लोकांचा विश्वास उडे. त्याचा सगळ्यात जवळचा मित्र त्याचा ठरलेला वैरी होता. त्या मित्राची आई वारली तेव्हा डेल चर्चच्या समोरच्या फुटपाथवर, टोपी हातात घेऊन, पावसात दोन तास उभा राहिला. आत गेला नाही. "लोकांना वाटलं, नांगर खिजवायला आलाय," तो सांगत होता. "एका बाईने मला छत्री मारली. पण त्याने खिडकीतून मला पाहिलं होतं... तेवढं पुरलं." त्या मित्राचा फोटो जिन्यावर पहिल्याच पायरीशी आहे.

मग मोठी स्टेडियमं आली, टीव्ही आला. जो कुणी पुढे मोठा होणार असेल त्याला आधी नांगरासमोर उभं करायचे, कारण नांगरासमोर कच्चा पैलवानही पक्का दिसायचा. चाळिशीत तो इंग्लंडच्या दौऱ्यावर आला, समुद्रकाठच्या एका गावात पहिल्या रांगेतल्या ब्रिस्टलच्या मॉरीनने त्याला 'शेम ऑन यू' म्हणत गरम चिप्स फेकून मारल्या, आणि पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. "मीठ जास्त होतं त्यात," तो म्हणायचा. "तुझ्या तोंडात एकही गेली नव्हती," ती म्हणायची. चाळीस वर्षांत त्याची मान, दोन्ही गुडघे आणि एक खांदा निकामी झाला. त्याच्या हातून मात्र कुणाचं करंगळीचं हाडही मोडलं नाही. हे सांगताना तो ताठ बसायचा. त्याचा पट्टा म्हणाल तर तोच.

आबांबद्दल त्याला फार कुतूहल. हलगी कधी वाढवतात? कुणासाठी वाढवतात? पैलवान दमले तर काय करतात? मी सांगायचे, की आमच्या मैदानात जोड नुसती उभी राहिली तर हलगी चढते आणि दोघांना लढायला लावते, आणि एखादा म्हातारा गडी खाली सापडला तर त्याच्या कानाशी जाऊन हलगी त्याला उठवते. डेल टेबलावर बोटं वाजवत ऐकायचा. "हा माणूस माझं काम करतो," तो एकदा म्हणाला. "गर्दीला धरून ठेवायचं काम. आला तर ती घेऊन यायला सांग."

तीन वर्षांनी आबा आले. भावाला नुकतीच मुलगी झाली होती, म्हणून आई तिकडेच राहिली. हलगी त्यांनी धोतरात गुंडाळून मांडीवर घेऊन आणली. तोवर मी वेगळ्या घरात राहत होते, पण दुसऱ्याच दिवशी त्यांना मॉरीनकडे नेलं. आबांनी डेलकडे पाहून हात जोडले, डेलनेही जोडले. "ह्यो पैलवान हाय," आबा मला हळूच म्हणाले. "कान बघ की." दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघं दोन तास बोलत होते.

त्या वसंतात डेलची शेवटची कुस्ती होती. मानेचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी 'आता बास' म्हटलेलं. तरी त्याने एकच शेवटची लढायचं ठरवलं आणि मॉरीन तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. या पैलवानांतला रिवाज असा, की जाणाऱ्याने येणाऱ्याकडून हरून जायचं, पाठीवर पडून. येणारा होता जेरोम, डेलचा सगळ्यात गुणी शिष्य. वय चोवीस, दिवसा पार्सलची व्हॅन चालवायचा. अंगात सगळं होतं, पण बुजरा. लोक त्याला टाळ्या द्यायचे, त्याच्यासाठी खुर्चीतून उठायचे नाहीत. आणि त्या दिवशी लंडनहून एका मोठ्या कंपनीचा माणूस त्याला बघायला येणार होता. "उद्या ते पोरासाठी उभे राहिले पाहिजेत," आदल्या दिवशी डेल मला म्हणाला. "अडचण अशी आहे, की म्हातारा झालो म्हणून लोकांना आता मी आवडायला लागलोय. उद्या त्यांनी माझा हुर्यो उडवला नाही, तर मी चाळीस वर्षांत काहीच शिकलो नाही."

डेलने आबांना रिंगजवळ हलगी वाजवायची विनंती केली. आबा खूश. चूक इथे माझी झाली. निकाल ठरलेला आहे हे मी आबांना सांगितलंच नाही. कारण आबांचा एक नियम आहे. तरुणपणी एका मैदानात त्यांनी नुरा कुस्तीला हलगी वाजवली होती, दोन पैलवानांनी आतून संगनमत करून लढलेली. लोकांना कळलं तेव्हा ढेकळं पैलवानांना बसली तशी हलगीवाल्यांनाही बसली. तेव्हापासून कुस्ती नुरा आहे असा नुसता वास आला तरी आबा हलगी खाली ठेवतात. मी घाबरले. त्यांना म्हटलं, "गावाकडं वाजवता तशीच वाजवा."

रविवारी दुपारी तीनला कम्युनिटी हॉल गच्च भरला होता. आज्या, नातवंडं, चिप्स, व्हिनेगरचा वास. हलगी तापवायची पंचाईत झाली. आबा कागद पेटवायला निघाले तर हॉलचा केअरटेकर धावत आला, धुराचा अलार्म वाजेल म्हणून. मग मॉरीनने मेकअपच्या खोलीतून हेअर ड्रायर आणला आणि आबांनी त्या गरम वाऱ्यावर कातडं ताणून घेतलं. "बायकांच्या केसाचं यंत्र," ते म्हणाले, "पण काम बेस करतंय." गुलाबी फेटा, पांढरं धोतर, गळ्यात हलगी. त्यांनी पहिला ठोका टाकला आणि पहिल्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. डेल आला तो हलगीच्या मागोमाग, आणि सगळा हॉल त्याच्यासाठी ओरडला.

त्याने माइक घेतला आणि शेजारच्या बाथ शहरावरून त्याचं हुकमी वाक्य टाकलं: "ब्रिस्टलपेक्षा बाथ कितीतरी चांगलं शहर आहे!" एरवी यावर हुर्योने छप्पर उडायचं. त्या दिवशी लोक हसले आणि टाळ्या वाजवल्या. त्याने एका आजोबांची टोपी ओढली. आजोबांनी त्याला मिठी मारली. कुस्ती सुरू झाली, जेरोमने पहिला फटका दिला आणि हुर्यो उडाला तो जेरोमचा. म्हाताऱ्याला मारतो! पोराचा चेहरा उतरला. त्याने डेलची मान काखेत धरली होती, डेल गुडघ्यावर आला होता, आणि आबांनी पाहिलं की म्हातारा गडी खाली सापडला. झालं. आबा रिंगच्या कडेला, अगदी डेलच्या कानाशी गेले आणि हलगी अशी चढवली की माझ्या अंगावर काटा आला. सगळा हॉल त्या ठेक्यावर टाळ्या वाजवत 'नांगर, नांगर' करू लागला. लंडनचा माणूस फोनमध्ये बघत होता. मी हात हलवून आबांना थांबवायला लागले. त्यांना वाटलं, मी 'आणखी' म्हणतेय. त्यांनी आणखी वाढवली.

डेलची मान जेरोमच्या काखेत होती, पण डोळे मोकळे होते. त्याने मला पाहिलं. मग आबांना पाहिलं. मग तो सुटला, दोरांखालून बाहेर आला आणि सरळ आबांसमोर जाऊन उभा राहिला. हॉल हसत होता. लोकांना वाटलं, आता मिठी मारणार. त्याने आबांचं मनगट पकडलं, दात विचकून असा पिळा दिला की पुढच्या रांगेतलं एक पोर किंचाळलं, आणि हलगीच्या दोन्ही काड्या हिसकावून लांब रिंगखाली भिरकावून दिल्या. फेट्याला मात्र त्याने हात लावला नाही. फेटा म्हणजे काय असतं ते मी त्याला एकदा सांगितलं होतं.

आणि मग जो हुर्यो उठला, तसा मी जन्मात ऐकला नव्हता. एका आजीने पर्स फेकली, ती नेमकी त्याच्या टकलावर बसली. "शेम ऑन यू! ही इज ए गेस्ट!" मी जागची उठले होते. मला कुस्ती दिसत नव्हती, फक्त आबांचे रिकामे हात दिसत होते. एवढ्या लांब त्यांना मी आणलं, काही न सांगता, आणि चारशे लोकांसमोर... जेरोम रिंगमधून खाली उतरला. गुडघ्यावर बसून त्याने काड्या शोधल्या, शर्टला पुसल्या आणि दोन्ही हातांनी, वाकून, आबांच्या पुढे धरल्या. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सकाळी मी आबांना काड्या तशा देताना त्याने पाहिलं होतं, एवढंच. आणि हॉल उभा राहिला. सगळा हॉल, खुर्च्या मागे पडल्या, त्या बुजऱ्या पोरासाठी.

आबांनी काड्या घेतल्या, पण वाजवलं नाही. त्यांनी आधी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग डेलकडे. मग माझ्याकडे, आणि त्या नजरेत सगळं कळलेलं होतं. आता हलगी खाली ठेवतील, मी मनात म्हटलं. डेलही बघत होता. दात विचकलेले, पण डोळ्यांत विनवणी. आबांनी मूठ उगारली आणि भर ब्रिस्टलमध्ये आमच्या खानापूर तालुक्याच्या आवाजात ओरडले, "आरं ए नांगऱ्या! मुडदा बशिवला तुझा!" आणि मला दिसेल एवढाच एक डोळा मिचकावून त्यांनी हलगी जेरोमकडे वळवली.

पुढची दहा मिनिटं मी कशी सांगू? पोराचे पाय जमिनीला लागत नव्हते. डेल प्रत्येक फटका असा घेत होता की शेवटच्या रांगेला तो हाडात जाणवावा. प्रत्येक पडण्यात हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हात मॅटवर. शेवटी जेरोमने त्याला उचलून पाठीवर टाकलं, आणि एक... दोन... तीन सगळ्या हॉलने मोजलं. आबांनी विजयाचा ठोका टाकला. जेरोम लोकांच्या खांद्यावर होता आणि डेल चिप्सच्या पावसातून, शिव्यांमधून, तोंड वाकडं करून, एकटा पडद्याकडे चालला होता. मी पडद्यामागे धावले. आत येताच तो भिंतीला टेकला. मान धरलेली, डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा दिवाळीच्या सकाळी पोरांचा असतो तसा. "ऐकलंस?" तो म्हणाला. "ऐक, किड. अजून थांबले नाहीत. मला कुणीच आवडत... छे, मी कुणालाच आवडत नाही!"

घरी जाताना बसमध्ये आबांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही वाजवली नसती."

"व्हय. नसती वाजवली." त्यांनी मनगट पुढे केलं. "पोरी, तोंड राक्षसाचं केलं हुतं त्यानं. पर हात... पाखरू धरावं तसा धरला हुता. तवाच समजलं."

"पण कुस्ती नुराच होती ना, आबा?"

"नुरात लोकास्नी फसवत्यात. हितं समद्यास्नी म्हाईत हाय, तरी ओरडत्यात. मग फसवलं कुणाला? म्हातारा सोताच्या निरोपाच्या दिशी शिव्या खाऊन गेला, पोराला मोठं करून. असं आमच्या मैदानात बी कमीच बघितलंय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कुणी न विचारता सगळ्यांना त्या कुस्तीचा व्हिडिओ दाखवला. "हे माझे वडील," मी म्हटलं. "ही हलगी. आमच्या घरात तीन पिढ्यांची." माझा आवाज जरा जास्तच मोठा होता म्हणे. जेरोमला लंडनच्या माणसाने त्याच संध्याकाळी बोलावलं. आज तो तीन देशांत कुस्त्या करतो. आणि परत जाण्याआधी आबांनी ती हलगी डेलला दिली. डेलने ती जिन्यावर लावली, सगळ्यात वरच्या पायरीशी, जेरोमच्या फोटोच्या शेजारी. मी म्हटलं, ही भिंत तर तुम्हाला हरवलेल्यांची आहे. "मग?" तो म्हणाला. "तुझ्या वडिलांनी मला जवळजवळ बुडवलंच होतं."

डेल गेल्यावर त्याच्या निरोपाचा कार्यक्रम तालमीतच झाला. त्यांच्यात पैलवान गेला की घंटेचे दहा ठोके देतात. जेरोम विमानाने आला होता, त्यानेच दिले. दहावा वाजला आणि मॉरीनने मला खूण केली. हलगी मी सकाळीच उतरवून आणली होती. मी गावाकडे कधी ती हातात घेतली नव्हती. अभ्यासाच्या नावाखाली तिच्यापासून लांबच पळाले. आबांना फोन करून विचारलं होतं, काय वाजवू? आपल्याकडे हलगी मयतापुढेही वाजते, सावकाश. "मयताचं नगं," आबा म्हणाले. "मैदानातलं वाजीव. पैलवान मैदानातनं भायेर निघालाय, येवढंच." मला येईल का, मी म्हटलं. "कानात हाय तुझ्या. हात मागनं येत्यात."

पहिले चार ठोके अडखळले. मग हात आले. आणि मागच्या रांगेतून, पर्सवाल्या त्या आजीने, तोंडाशी दोन्ही हात धरून सुरुवात केली... 'बू!' मग दुसरं कुणी. मग सगळी तालीम. त्याच्या पोरापोरींनी, जुन्या वैऱ्यांनी, सगळ्यात मोठ्याने मॉरीनने, डोळे पुसत पुसत, डेल व्हिटकमचा असा हुर्यो उडवला की गोडाउनचे पत्रे वाजले. चाळीस वर्षं ज्यासाठी राबला ते त्याला भरभरून मिळालं.

संध्याकाळी हलगी परत लावायला जिना चढले. मॉरीन म्हणाली, तुझ्या बाबांची आहे, घेऊन जा. आबांना विचारलं तर म्हणाले, दिलेली हलगी माघारी घेत नसत्यात. सगळ्यात वरच्या पायरीवर हेअर ड्रायर अजून प्लगला लावलेला होता. त्या घरात डेलला टक्कल, मॉरीनचे केस मुलासारखे कापलेले. केस वाळवायला तो कुणालाच लागत नव्हता. ब्रिस्टलच्या ओल्या हवेत कातडं सैल पडतं, म्हणून दर शुक्रवारी डेल तिथे बसून ते तापवायचा. त्या दिवशी शुक्रवारच होता. मी पायरीवर बसले, ड्रायर सुरू केला आणि कातडं ताणलं गेलं का ते बघायला त्यावर हात ठेवला... नुसता टेकवला, दाब न देता.